डब्यातला डबा आणि मावशींचे सात हप्ते



आम्ही व्यवसायाने कारकून. बीकॉम झाल्यापासून एका खासगी कचेरीच्या हिशेब खात्यात आहोत. सकाळी गासहून बस किंवा रिक्षा, नालासोपाऱ्याहून लोकल, आणि दिवसभर व्हाउचरे. संध्याकाळी परत आलो की वस्तीतल्या बचत मंडळाची वही आमची वाट पाहत असते. मंडळ २०११ सालचे. दरमहा प्रत्येक सभासदाने २०० रुपये भरायचे, आणि गरज पडली की साठलेल्या बचतीच्या तिपटीपर्यंत कर्ज घ्यायचे. मोलकरणी, बिगारी, वॉचमन, रिक्षावाले, इस्पितळातल्या आया असे ५८ सभासद. बँकेच्या दारात जायला ज्यांचे पाय अडखळतात त्यांच्यासाठी ही वहीच बँक.

त्या वहीने आम्हाला दोन वर्षांपूर्वी एक धडा दिला. चूक आमची होती, म्हणून आधीच कबूल करून सांगतो.

मंडळाचा हिशेब तपासणाऱ्या सीएंनी सांगितले की, आता वही पुरे. सगळे टॅलीत घ्या, म्हणजे तपासणी लवकर होईल. पण तीन हजारांहून जास्त नोंदी पुन्हा टंकायच्या कोणी? ते म्हणाले, "टंकू नका. तुमची माहिती एक्सएमएलमध्ये करून द्या. टॅली ती आपोआप आत घेते." एक्सएमएल हा शब्द आम्ही कचेरीत ऐकला होता. आयकराचे विवरणपत्र काही वर्षांपूर्वीपर्यंत याच प्रकारच्या फाइलीत भरले जाई. निर्धारण वर्ष २०२१-२२ पासून तिथे जेसन नावाचा दुसरा प्रकार आला. पण ही फाइल आतून कशी असते, ते आम्ही कधी पाहिले नव्हते. बटण दाबायचे आणि फाइल चढवायची, एवढीच आमची विद्या.

आम्ही सुरुवात सोप्या बाजूने केली. २०२३ च्या मे महिन्यात रोज रात्री जेवण झाल्यावर वही उघडून एक्सेलमध्ये नोंदी भरल्या. एक ओळ म्हणजे एक पावती. तारीख, नाव, रक्कम. शेवटी तेरीज काढली. वहीतील एकूण जमा आणि संगणकातील एकूण जमा, रुपयाला रुपया जुळले. आम्हाला कोण आनंद झाला! त्याच आनंदात प्रत्येक सभासदाचे भरलेले हप्ते आणि थकलेले हप्ते यांचा तक्ता छापला आणि जूनच्या पहिल्या रविवारच्या सभेत भिंतीवर लावला.

त्या सभेत एका मावशींचा कर्जाचा अर्ज होता. मावशी साठीच्या. नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये भांडी-लादीचे काम करतात. मुलगा वारला. घरात सून आणि नातू. नातवाला डिप्लोमाला प्रवेश मिळत होता, त्यासाठी २५,००० रुपये हवे होते. मावशी जून २०१८ पासून सभासद. साठ महिन्यांचे १२,००० व्हायला हवेत. तक्त्यात मात्र १०,६०० होते आणि पुढे लिहिले होते, थकबाकी सात हप्ते. मंडळाचा नियम असा की, तीनपेक्षा जास्त हप्ते थकले असतील तर कर्ज नाही. एक सदस्य उठून म्हणाले, "नियम सर्वांना सारखा. कागदावर स्पष्ट आहे." दोघातिघांनी माना डोलावल्या.

मावशी उभ्या राहिल्या. "भाऊ, मी सगळे पैसे दिलेत," एवढेच म्हणाल्या. पुस्तक दाखवा म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून सभासद पुस्तिका काढली. त्यात एप्रिल ते ऑक्टोबर २०२० या सात महिन्यांपुढे सही नव्हती. सून रात्रपाळी करून घरी झोपली होती, ती सभेला नव्हती. अर्ज नामंजूर झाला. मावशी पुस्तिका पिशवीत घालून खाली मान घालून गेल्या. आम्ही तक्त्याकडे पाहिले. तक्ता आम्हीच केला होता, तेरीज जुळली होती. आम्ही काही बोललो नाही.

आमची पुतणी बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सीएंना हवी असलेली एक्सएमएल फाइल करून देण्याचे तिने कबूल केले होते. त्याच आठवड्यात ती रात्री आमच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. पहिल्यांदाच तिने आमची एक्सेलची फाइल पाहून नाक मुरडले.

"काका, हे सगळं सपाट आहे. कोण कोणाच्या आत आहे ते कळत नाही."

आम्ही विचारले, आत म्हणजे काय? तेव्हा तिने जे समजावले ते आम्ही आमच्या भाषेत इथे देतो. कारण आपल्या घरांतली मुले आता हेच शिकत आहेत, आणि ती काय शिकतात हे आई-बापांना थोडे तरी ठाऊक असावे.

प्रोग्राम लिहिणारे लोक प्रत्येक गोष्टीचा एक डबा कल्पितात. त्याला ते ऑब्जेक्ट म्हणतात. सभासद हा एक डबा. त्यात नाव, वय, प्रवेशाची तारीख हे कप्पे. पण एखाद्या कप्प्यात नुसता शब्द किंवा आकडा नसतो, तर दुसरा डबाच असतो. सभासदाच्या डब्यात हप्त्यांची चळत. चळतीतला प्रत्येक हप्ता हाही डबा, त्यात तारीख आणि रक्कम. सभासदाचा डबा घराच्या डब्यात, घराचा डबा मंडळाच्या डब्यात. असे डब्यात डबे. संगणक चालू असेपर्यंत हे सारे त्याच्या स्मरणात असते, वीज गेली की गेले. ते टिकवायचे असेल किंवा दुसऱ्या यंत्राला द्यायचे असेल, तर एकामागून एक अक्षरांत लिहून काढावे लागते. लिहिताना कोण कोणाच्या आत होते ही खूण हरवता कामा नये. दुसऱ्या टोकाला ती अक्षरे वाचून तेच डबे तसेच पुन्हा उभे राहिले पाहिजेत.

एक्सएमएलची युक्ती सोपी आहे. डबा उघडला की त्याच्या नावाची खूण लिहायची, आतला ऐवज लिहायचा, आणि डबा मिटला की तीच खूण तिरप्या रेघेसह पुन्हा लिहायची. तिने मराठीतच लिहून दाखवले:

<घर>
 <सभासद क्रमांक="२७">
  <नाव>मावशी</नाव>
  <हप्ता>
   <तारीख>२०१८-०६-०३</तारीख>
   <रक्कम>२००</रक्कम>
  </हप्ता>
 </सभासद>
</घर>

होय, या खुणा मराठीत लिहिल्या तरी चालतात. फक्त खुणेच्या नावात मोकळी जागा सोडायची नाही. आकडे मात्र खऱ्या फाइलीत इंग्रजी लागतात, इथे वाचकांसाठी मराठीत दिले आहेत. नियम एकच. जो डबा शेवटी उघडला तो आधी मिटायचा. आतला उघडा ठेवून बाहेरचा मिटला तर यंत्र फाइलच नाकारते.

ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. १९६९ च्या सुमारास आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे वकिलांच्या कचेऱ्यांतील कागदपत्रे वेगवेगळ्या यंत्रांना वाचता यावीत म्हणून खटपट करीत होते. त्यातून खुणांची पहिली भाषा निघाली. तिला पुढे १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिचेच सुटसुटीत रूप म्हणजे एक्सएमएल. त्याची शिफारस १० फेब्रुवारी १९९८ रोजी जाहीर झाली. आज ती आपल्या हाताखालीच असते, आपल्याला दिसत नाही एवढेच. २००७ च्या आवृत्तीपासूनची एक्सेलची नेहमीची फाइल म्हणजे दाबून बांधलेल्या एक्सएमएल फाइलींचे गाठोडे आहे. आधारची जी ऑफलाइन केवायसी फाइल २०१८ पासून मिळू लागली, तीही एक्सएमएलच. तिच्यात माणसाच्या ओळखीचा एक डबा, पत्त्याचा एक डबा, फोटोचा एक डबा, आणि त्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही. टॅलीच्या फाइलीतली सर्वांत बाहेरची खूण तर 'एन्व्हलप', म्हणजे पाकीट. पाकिटात मायना आणि मजकूर, मजकुरात व्हाउचर, आणि व्हाउचरमध्ये जमा-नावेच्या ओळी.

डब्यात डबा ठेवल्याचा एक फायदा आम्हाला लगेच पटला. आमच्या वहीत जुन्या सभासदांच्या पत्त्यात "जि. ठाणे" असे लिहिलेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि वसई तालुका त्यात गेला. त्यानंतरच्या सभासदांपुढे "जि. पालघर". एकाच आळीतली माणसे कागदावर दोन जिल्ह्यांत! सपाट तक्त्यात हे दुरुस्त करायला प्रत्येक ओळीला हात लावावा लागतो. पुतणीने गाव, तालुका, जिल्हा हे बाहेरच्या डब्यावर एकदाच लिहिले. आतले सगळे आपोआप पालघरचे झाले.

आता काम कसे चालते ते पाहा. प्रोग्राम मंडळाचा डबा उघडतो आणि प्रत्येक कप्प्याला एकच प्रश्न विचारतो. तू साधा शब्द-आकडा आहेस की डबा? साधा असेल तर लिहून टाकतो. डबा असेल तर खूण लिहून आत शिरतो आणि तोच प्रश्न आतल्या कप्प्यांना विचारतो. सगळे संपले की खूण मिटवून बाहेर येतो. चार घरांत जनगणना करणाऱ्या मास्तरांसारखे. प्रत्येक दारात तेच प्रश्न, फक्त घर वेगळे.

पहिल्या रात्री अडचणींची रांग लागली. देवनागरी आकडे यंत्राने रक्कम म्हणून घेतले नाहीत. एका सभासदाच्या दुकानाच्या नावात अँडचे चिन्ह होते. ते चिन्ह एक्सएमएलमध्ये राखीव असल्याने फाइल तिथेच मोडली, त्याच्या जागी ठरलेली खूण लिहावी लागली. एका आजींची जन्मतारीख वहीत नव्हती. आम्ही म्हटले, १ जून टाक. आपल्याकडे शाळेत मास्तरांनी कितीजणांना १ जूनला जन्माला घातले आहे, ते वाचकांना ठाऊकच आहे. पुतणी म्हणाली, "नको काका. माहीत नाही ते माहीत नाही असंच लिहायचं. रिकामा डबा आणि नसलेला डबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोटी तारीख एकदा आत गेली की ती खरीच होऊन बसते." आम्ही गप्प बसलो. आमची स्वतःची जन्मतारीखही १ जूनच आहे.

मग प्रोग्राम एका जागी अडकला. पडद्यावर लाल ओळी आल्या. म्हणणे असे की, आत शिरण्याची मर्यादा ओलांडली. पायथन नावाच्या ज्या भाषेत तिने प्रोग्राम लिहिला होता, ती एकात एक सुमारे हजार वेळा शिरली की थांबते. पण आमच्या मंडळात हजार डबे एकात एक कुठून आले? तिने शोधले. मावशींचाच डबा. मावशींनी वारसदार म्हणून सुनेचे नाव दिले होते. प्रोग्राम वारसदाराच्या कप्प्यातून सुनेच्या डब्यात शिरला. सुनेने वारसदार म्हणून सासूचे नाव दिले होते. तो पुन्हा मावशींच्या डब्यात शिरला, तिथून पुन्हा सुनेच्या. असा तो एकीतून दुसरीत फिरत राहिला.

आम्ही हसलो, पण पुतणी हसली नाही. म्हणाली, "मुलगा नवऱ्याच्या ठिकाणी नाही, मुलाच्या ठिकाणी नाही, म्हणून दोघींनी एकमेकींचं नाव घातलंय." मग तिने उपाय केला. प्रत्येक सभासदाचा डबा एकदाच, एका जागी लिहायचा आणि त्याला क्रमांक द्यायचा. दुसरीकडे जिथे त्याचा उल्लेख येईल तिथे डबा पुन्हा न ठेवता फक्त क्रमांक लिहायचा. मावशी २७, वारसदार २८. सून २८, वारसदार २७. आपण खतावणीत "पान २८ पाहा" लिहितो, तसेच. एक्सएमएलमध्ये या सोयीला मुळापासून जागा ठेवलेली आहे.

आणि आता मुख्य गोष्ट. फाइल तयार झाल्यावर तिने एक वेगळा कागद तयार केला. त्याला स्कीमा म्हणतात. कोणत्या डब्यात काय असावे, किती असावे, याची ती नियमावली. २००१ सालापासून तिचेही मानक ठरलेले आहे. तिने आम्हाला मंडळाचे नियम विचारले आणि लिहिले. प्रत्येक हप्ता कोणत्या तरी एकाच सभासदाच्या डब्यात असला पाहिजे, आणि हप्त्याची रक्कम २०० असली पाहिजे. मग फाइल त्या नियमावलीवर तपासायला दिली.

सात चुका निघाल्या. सातही सभासद क्रमांक २८ च्या डब्यात. सातही ठिकाणी रक्कम ४००. तारखा एप्रिल ते ऑक्टोबर २०२०.

"काका, या चारशेत दोन माणसं आहेत का?" पुतणीने विचारले.

आम्ही उठलो, वही काढली, सुनेचे पान उघडले. समासात आमच्याच अक्षरात, पेन्सिलीने, सात वेळा लिहिलेले होते: "पैकी २०० सासूचे."

मग सगळे आठवले. टाळेबंदीचे दिवस. मावशींची कामे बंद, सोसायट्यांचे दरवाजे बंद, मावशींना घराबाहेर पडायची भीती. सून एका इस्पितळात आया होती, तिला जावेच लागे. ती येता-जाता दोघींचे पैसे एकत्र आमच्या हातात देई. आम्ही ४०० तिच्या पानावर लिहीत असू आणि समासात टीप टाकत असू. पुस्तिकेवर सही नंतर करू म्हणालो होतो, ती राहिली ती राहिलीच. पुढे तीन वर्षे काही बिघडले नाही, कारण वही वाचणारे आम्हीच आणि समास समजणारे आम्हीच. एक्सेलमध्ये नोंदी भरताना मात्र आम्ही रकाने पाहिले, समास पाहिला नाही. सपाट तक्त्यात समासाला जागाच नव्हती.

आणि तेरीज? तेरीज जुळणारच होती. एकीचे १,४०० दुसरीच्या नावावर गेले तरी बेरीज तीच राहते. बीकॉमला आम्ही हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते की, चुकीच्या खात्यावर गेलेली रक्कम तेरजेत दिसत नाही, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक असे नव्हे. पुस्तकात पाठ केलेले वाक्य सभेत आठवले नाही. रकमा किती हे तेरीज सांगते. रक्कम कोणाची हे ती सांगत नाही. ते कळते डबा कोणाच्या आत आहे त्यावरून.

न्यायाने बोलायचे तर ही चूक शोधायला संगणक लागत नव्हता. सभेच्या दिवशीच वहीचे एक पान उलटले असते तर पुरे होते. आम्ही ते उलटले नाही, कारण छापील कागदाचा आम्हाला मावशींच्या शब्दापेक्षा जास्त भरवसा वाटला.

त्या रात्री झोप आली नाही. पहाटे आम्हाला सोपाऱ्याची आठवण झाली. आपल्यापैकी बहुतेकांनी तो स्तूप पाहिला आहे, बुरूड राजाचा कोट म्हणतात तो. आमच्या गासपासून जवळच. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. मधोमध विटांच्या बांधकामात दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे एक चांदीचे नाणेही मिळाले. हा ऐवज पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेला.

भगवानलालांनी केलेले मोठे काम असे की, त्यांनी वस्तूंची नुसती यादी केली नाही. काय कशाच्या आत होते, काय कशाच्या भोवती होते, हे क्रमाने लिहून ठेवले. पुढच्या अभ्यासकांनी मूर्तींची घडण पाहून ठरवले की त्या सातवाहन काळाच्या कित्येक शतके नंतरच्या आहेत. म्हणजे कोणी तरी मधल्या काळात स्तूप उघडून त्या करंडकाभोवती मांडल्या असाव्यात. हा विचार करता आला, कारण मूर्ती करंडकाच्या बाहेर होत्या याची नोंद होती. सगळे एका टेबलावर ओतून फक्त नगांची बेरीज लिहिली असती, तर बेरीज बरोबर आली असती आणि ही माहिती कायमची गेली असती. आम्ही आमच्या मंडळाच्या वहीचे नेमके तेच केले होते.

पुढच्या रविवारी आम्ही खास सभा बोलावली. या वेळी सूनही आली. आम्ही वहीचे ते पान सर्वांना फिरवून दाखवले आणि सांगितले की, मावशी थकबाकीदार नव्हत्या, चूक लिहिणाऱ्याची होती, आणि लिहिणारे आम्ही. मावशींची सर्वांसमोर माफी मागितली. तेव्हा सून उभी राहिली. म्हणाली, "त्या सात महिन्यांत आत्यांना एका घरचाही पगार नव्हता. कानातली फुलं मोडून हप्ता भरला त्यांनी. मी म्हटलं होतं थांबवा, पुढे भरू. त्या म्हणाल्या, खंड पडू द्यायचा नाही."

सभेत कोणी बोलेना. त्याच महिन्यांत वस्तीतल्या कित्येकांचे हप्ते थकले होते आणि मंडळाने ते समजून घेतले होते. आणि जिने थकू दिले नाही तिलाच आम्ही भिंतीवर थकबाकीदार म्हणून लावले होते. ज्या सदस्यांनी नियमावर बोट ठेवले होते, त्यांनीच कर्जाचा ठराव मांडला. कर्ज मंजूर झाले, नातवाचा प्रवेश वेळेत झाला.

सभा संपल्यावर आम्ही मावशींच्या जवळ गेलो. संगणकाच्या तक्त्यात समास येत नाही वगैरे सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "भाऊ, यंत्राला काय ठावं? तुम्ही मला विचारायचं होतं." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

पुतणीने फाइल दुरुस्त केली. सात हप्ते २८ च्या डब्यातून काढून २७ च्या डब्यात ठेवले. सीएंच्या कचेरीत टॅलीने ती घेतली. दोन-तीन फेऱ्या झाल्या, ते निराळे. टॅलीत खात्याचे नाव अक्षरशः जुळावे लागते, तारीख आठ आकड्यांत सलग लिहावी लागते, नावे बाजूची रक्कम उणे चिन्हासह द्यावी लागते. पण हे तांत्रिक आहे, शिकता येते.

आता अनेक मंडळे, विहारांच्या समित्या, महिला बचत गट आपल्या वह्या संगणकावर घेत आहेत. चांगली गोष्ट आहे, घ्याव्यात. पण आमच्या चुकीवरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वही टंकण्याआधी तिचे समास वाचा, पेन्सिलीच्या टिपा वाचा आणि प्रत्येक टिपेला तक्त्यात हक्काची जागा द्या. प्रत्येक पैसा कोणाच्या नावाच्या आत जातो ते ठरवूनच लिहा, नुसत्या बेरजेवर समाधान मानू नका. जे माहीत नाही ते रिकामे ठेवा, अंदाजाने भरू नका. आणि छापील तक्ता भिंतीवर लावण्यापूर्वी ज्याचे त्याचे पान ज्याच्या त्याच्या हातात देऊन, वाचता येत नसेल तर वाचून दाखवून, "हे बरोबर आहे का?" असे विचारा. आमच्या मंडळात आता तसा नियमच केला आहे. वेळ जास्त लागतो. पहिल्याच वाचनात आणखी तीन चुका निघाल्या, त्यातल्या दोन मंडळाच्या बाजूच्या होत्या.

मुलींनी संगणक शिकून काय करायचे, असे आमच्या आळीत अजून कोणी कोणी म्हणतात. त्यांना आम्ही आता फार बोलत नाही. वहीचे २८ वे पान दाखवतो. समासातली पेन्सिल अजून तशीच आहे, पुसलेली नाही. शेजारी लाल शाईने दुरुस्तीची नोंद आहे, आणि खाली दोन सह्या आहेत. एक आमची. दुसरी मावशींची. त्या पूर्वी अंगठा देत. या वेळी नातवाकडून शिकून त्यांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर लिहून.

कळावे.